व्हेनिसच्या दिवसातला पाऊण तास : युरोप सहलींच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
युरोपच्या सहली आखणारे सर्व मराठी सहल-संयोजक आणि त्या सहलींबरोबर जाणारे व्यवस्थापक

विषय : व्हेनिसच्या कार्यक्रमात सांता मारिया देई मिराकोली या चर्चसाठी पाऊण तास राखून ठेवण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

बांधकामाच्या व्यवसायात माझी छत्तीस वर्षे गेली आणि त्यांतली अखेरची अठरा दगडी क्लॅडिंगच्या कामात, म्हणजे इमारतींच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या आणि संगमरवराच्या लाद्या चढवण्यात गेली. निवृत्तीनंतर पत्नीसह युरोप पाहायचे ठरवले तेव्हा भाषेची, जेवणाची आणि बॅगा ओढण्याची चिंता नको म्हणून आम्हीही मराठी मंडळींच्या सहलीचाच मार्ग धरला, आणि तो निर्णय चुकला असे आजही वाटत नाही. ज्या संस्थेबरोबर गेलो तिचे नाव येथे देत नाही, कारण मला जे मांडायचे आहे ते एकट्या तिला लागू नाही. परतल्यावर मी चार-पाच संस्थांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचली. व्हेनिसचा दिवस सगळ्यांत जवळजवळ शब्दशः सारखा आहे.

तो दिवस आपणांस पाठच असेल. ट्रोन्केत्तोच्या तळावर बस सोडायची, बोटीने सान मार्कोच्या धक्क्यावर उतरायचे, निःश्वासांच्या पुलासमोर गटाचा फोटो काढायचा, बॅसिलिका बाहेरूनच पाहायची, मग काचकामाच्या कारखान्यात एक कारागीर दोन मिनिटांत काचेचा घोडा करून दाखवतो तो पाहायचा आणि घोडा थंड होण्याच्या आत शेजारच्या विक्री दालनात शिरायचे. आमच्या गटाचा त्या दालनात एक तास दहा मिनिटे मुक्काम होता. हे मी घड्याळ लावून मोजले आहे, कारण साइटवर वेळ मोजण्याची सवय लागलेली असते आणि तिथे दुसरे करण्यासारखे काही नव्हते. त्यानंतर गोंडोला, त्यानंतर पनीर आणि जिरा राइस, आणि त्यानंतर पत्रकात ज्याला ‘मोकळा वेळ’ म्हटलेले असते तो दीड तास.

त्या दीड तासात आम्ही दोघे गटापासून वेगळे झालो. सान मार्कोच्या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून मर्चेरियाच्या गल्ल्यांत शिरलो, रियाल्टोपर्यंत गर्दीने ढकलत नेले, आणि तिथून कान्नारेज्योच्या बाजूला वळल्यावर गर्दी अचानक विरळ झाली. दोनदा वाट चुकून एका छोट्या पुलावर आलो तर समोर कालव्याच्या पाण्यातून सरळ वर आलेली संगमरवराची एक लांब भिंत होती. मागची, बाजूची, लपवायची अशी भिंत तिला नाहीच. व्हेनिसमध्ये सहसा चर्चच्या दर्शनी बाजूवर दगडाचा खर्च केलेला दिसतो आणि बाकीच्या भिंतींची वीट उघडी असते. मिराकोलीला मात्र चारही बाजूंनी दगड चढवलेला आहे, पाण्याच्या बाजूलाही, जिथून ते पाहायला नावेतल्या माणसाखेरीज कोणी यायचे नाही. ज्याने आयुष्यभर ‘मागच्या बाजूला साधे प्लास्टर चालेल’ हे वाक्य मालकांच्या तोंडून ऐकले आहे, त्याला त्या पुलावर काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकाल.

या वास्तूची हकिकत आपल्या प्रवाशांना समजावून सांगायला अवघड नाही, किंबहुना ती मराठी माणसाला इतर कोणापेक्षा लवकर कळेल. अमादी नावाच्या व्यापारी घराण्यातल्या फ्रान्चेस्कोने १४०८च्या सुमारास निकोलो दि पिएत्रो या चित्रकाराकडून बाळ येशूला घेतलेल्या मेरीचे एक चित्र करून घेतले आणि ते घराजवळच्या गल्लीत भिंतीवर लावले. आपल्याकडे वळणावरच्या कोनाड्यात देवाची तसबीर असते तसेच ते होते. पुढे सत्तरएक वर्षांनी, १४८०च्या आसपास, ती मेरी नवसाला पावते अशी वार्ता पसरली, गर्दी लोटली, दानाचा ओघ सुरू झाला आणि त्या पैशांतून आधी साधी जागा आणि मग हे चर्च उभे राहिले. नावातल्या ‘मिराकोली’चा अर्थच चमत्कार असा आहे. ते चित्र आजही मुख्य वेदीवर आहे. रस्त्यावरच्या तसबिरीचे देऊळ कसे होते हे आपल्या कुठल्याही गावच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

काम दिले गेले पिएत्रो लोम्बार्दोला. १४८१मध्ये सुरुवात झाली आणि १४८९मध्ये इमारत पूर्ण होऊन क्लारा पंथाच्या जोगिणींच्या हाती आली. लोम्बार्दोचे घराणे लुगानोजवळच्या कारोना या गावचे, म्हणजे दगडी कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या टापूतले. मुलगे तुल्लिओ आणि आंतोनिओ याच कामात वडिलांच्या हाताखाली होते. रावेन्नामधली दांतेच्या समाधीवरची शिल्पपाटी याच पिएत्रोची, १४८३ची. एकाच वेळी दोन-तीन साइट चालवणारा कंत्राटदार-शिल्पी, मुले कामाला जुंपलेली, माल वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारा, हे चित्र मला फार ओळखीचे वाटते. सान मार्कोच्या बॅसिलिकेतून उरलेला दगड येथे वापरला गेला अशी एक कथा सांगितली जाते. ती कथा म्हणूनच सांगावी. पण शिल्लक मालातून उत्तम काम काढणारा मिस्त्री आपण सगळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे ती खोटी ठरावी असे मला वाटत नाही.

बाहेरच्या भिंतीवर दोन मजल्यांचे सपाट अर्धस्तंभ आहेत. त्यांत एक गंमत आहे, जी आपल्या मार्गदर्शकांनी जरूर दाखवावी. प्राचीन रोमन शिरस्त्यानुसार साधे खांब खाली आणि नक्षीदार खांब वर येतात. म्हणजे आयोनिक शैली खाली आणि पानाफुलांची कोरिंथियन शैली तिच्यावर. लोम्बार्दोने उलटे केले. नक्षीदार कोरिंथियन खाली ठेवले आणि आयोनिक वर नेले. त्या काळचा जाणकार हे पाहून नाक मुरडत असेल. मला विचाराल तर माणसाची नजर जिथे पोहोचते तिथे कोरीव काम ठेवायचे, हा निर्णय व्यवहारी आहे.

आत गेल्यावर मात्र बोलणे बंद होते. खांबांच्या रांगा नाहीत, बाजूच्या देवड्या नाहीत; एकच लांब दालन, वर पिंपासारखे गोलसर लाकडी छत, आणि समोर उंच पायऱ्यांच्या टोकाला वेदी. छतावर पन्नासएक चौकटींत प्रेषितांची आणि कुलपुरुषांची चित्रे आहेत. पिएर मारिया पेनाक्की आणि त्याच्या सहकाऱ्यांचे ते काम. पण मान वर करण्याआधी भिंती पाहाव्यात. राखाडी, गुलाबी, पांढऱ्या लाद्या खालपासून वरपर्यंत गेलेल्या आहेत. दाराजवळच्या एका जोडीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेल्या दोन लाद्या पुस्तकाची पाने उघडावीत तशा शेजारी शेजारी बसवल्या होत्या, त्यामुळे एकीतली राखाडी शीर दुसरीत आरशातल्यासारखी उलटी वळत होती आणि मधल्या सांध्यावर दोन्ही शिरा केसभरही न सरकता मिळत होत्या. आमच्या धंद्यात याला बुकमॅच म्हणतात आणि आज ते यंत्रावर कापलेल्या दोन सेंटिमीटरच्या स्लॅबमध्ये करायलाही चौरस फुटामागे वेगळा दर लागतो. तिथे ते पाते, वाळू आणि पाणी यांच्या जोरावर, हाताने केलेले आहे. माझा हात आपोआप सांध्याकडे गेला आणि पत्नीने तो मधल्यामध्ये धरला. तिचे बरोबर होते. हाताचा तेलकटपणा संगमरवर शोषून घेतो हे मीच तिला तीस वर्षे सांगत आलो होतो.

वेदीकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या वर कठड्यावर चार छोट्या अर्धमूर्ती आहेत : संत फ्रान्सिस, देवदूत गॅब्रिएल, मेरी आणि संत क्लारा. त्या तुल्लिओच्या हातच्या मानतात. त्यांच्यापेक्षाही मला वेदीच्या कमानीच्या खांबांची बैठक आवडली. तिथे जलपऱ्या, गुबगुबीत बालके आणि वेलबुट्ट्या इतक्या बारीक कोरल्या आहेत की दगडाचा भास जाऊन मेणाचा होतो. या कोरीव कामासाठी उभ्या-उभ्या दोन मिनिटे पुरत नाहीत. गुडघ्यावर बसावे लागते.

‘संगमरवर पाहायला व्हेनिसला कशाला जायचे, आपल्याकडे ताजमहाल आहे’ हे वाक्य आमच्याच गटात बसमध्ये ऐकू आले होते. ताजमहालाचे काम सुरू झाले १६३२च्या सुमारास, मिराकोलीनंतर दीडशे वर्षांनी, आणि दोन्हींतली रीत निराळी आहे. ताजमहालात पांढऱ्या दगडाची खाच करून तिच्यात रंगीत खडे बसवले आहेत, तर मिराकोलीत निसर्गाने रंगवलेला दगड अख्खाच भिंतीवर चढवला आहे आणि चित्र काढण्याचे काम शिरांवर सोपवले आहे. इटलीचा दगड पाहायचा तर जुन्या गोव्यातही तो आहे. बॉम जीझसमधल्या सेंट झेवियरच्या समाधीचा चौथरा फ्लॉरेन्सहून, तिसऱ्या कोसिमो मेदिचीची भेट म्हणून आला आणि १६९८मध्ये बसवला गेला, हे आपल्यापैकी गोव्याच्या सहली काढणाऱ्यांना ठाऊक आहेच. गोव्यात जो प्रवासी त्या समाधीपुढे रांग लावतो, त्याला ‘चर्चमध्ये रस नसतो’ असे व्हेनिसला पोहोचल्यावर गृहीत का धरले जाते, हा माझा प्रश्न आहे.

आता या पत्राचा जो भाग मला व्यक्तिशः सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. मिराकोली आज जसे दिसते तसे ते टिकून राहिलेले नाही, ते वाचवलेले आहे. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ घर असलेल्या प्रत्येकाने भिंतीला लोणा लागलेला पाहिला आहे : खालच्या दोन-तीन फुटांवर पांढरी पावडर येते, रंगाचे पोपडे सुटतात, नव्याने प्लास्टर केले तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. खारे पाणी विटेतून वर चढते, पृष्ठभागाशी येऊन सुकते आणि मीठ मागे ठेवते; ते मीठ छिद्रांत स्फटिक बनून फुगते आणि आतून रेटा देते. व्हेनिसमध्ये अख्खे शहरच या रेट्यावर उभे आहे. जुन्या बांधकामात पाया आणि भिंत यांच्या मध्ये इस्त्रियाचा घट्ट दगड घालत, जो पाणी सहसा वर जाऊ देत नाही, पण शतकांच्या ओघात पाण्याची पातळी त्याच्याही वर गेली.

लोम्बार्दोला या शत्रूची जाणीव असावी. आतल्या लाद्या त्याने विटेला चिकटवल्या नाहीत. धातूच्या आकड्यांवर, भिंतीपासून काही सेंटिमीटर अंतर ठेवून टांगल्या, म्हणजे मागे हवा खेळेल. आम्ही समुद्राकाठच्या इमारतींवर ड्राय क्लॅडिंग करतो तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर लादी तोलून मागे पोकळी सोडतो आणि हे तंत्र आधुनिक आहे असे ग्राहकाला सांगतो. यापुढे सांगणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत मात्र सिमेंटचा वापर झाला, पोकळीचा श्वास कोंडला आणि मीठ दगडात साठत गेले. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात पाणी समुद्राच्या प्रमाण-पातळीच्या १९४ सेंटिमीटर वर चढले, त्यानंतर जगभरातून मदतीचे हात पुढे आले, आणि सेव्ह व्हेनिस या अमेरिकन संस्थेने पुढे या चर्चचे काम अंगावर घेतले. लाद्यांमध्ये मिठाचे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. दगड आतून फुटण्याच्या बेतात होता. मग भिंतींवरच्या लाद्या उतरवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत, शुद्ध पाण्यात बुडवून ठेवल्या गेल्या, मीठ निघून जाईपर्यंत, आणि मग प्रत्येक लादी आपल्या जागी परत चढवली गेली. १९९७मध्ये काम संपले तेव्हा खर्च सुमारे ४० लाख डॉलरवर गेलेला होता.

लादी उतरवणे म्हणजे काय हे मी जाणतो. एक तडकलेली लादी काढताना शेजारच्या दोन तुटतात, आणि बुकमॅचच्या जोडीतली एक गेली की दुसरीही फुकट जाते, कारण त्या ठोकळ्याला जगात जुळे नसते. पाचशे वर्षांचे, मिठाने पोखरलेले दगड उतरवून पुन्हा त्याच शिरेला शीर लावून बसवणाऱ्या कारागिरांची नावे त्या भिंतीवर कुठे नाहीत. काचेचा घोडा दोन मिनिटांत करणाऱ्याला आपण टाळ्या देतो. ते योग्यच आहे. पण त्याच शहरात, वीस मिनिटांच्या चालीवर, या दुसऱ्या प्रकारच्या कारागिरीला आपला एकही गट भेटत नाही.

माझी मागणी लहान आहे. काचेच्या दालनातला वेळ निम्म्याहून कमी करावा आणि वाचलेल्या वेळात मिराकोली दाखवावे. अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. पहिली गटाच्या आकाराची. २०२४पासून व्हेनिसने मार्गदर्शकासह फिरणाऱ्या गटांवर २५ जणांची मर्यादा घातली आहे आणि ध्वनिवर्धकालाही बंदी केली आहे, त्यामुळे पंचेचाळीस जणांची बस तशीही दोन गटांत विभागावीच लागते. एक गट काच पाहील तेव्हा दुसरा चर्च पाहील, आणि मग अदलाबदल. चर्च लहान असल्याने हे त्यालाही सोयीचे आहे. दुसरी अडचण चालण्याची. वाटेत पुलांच्या पायऱ्या आहेत आणि आपल्या सहलींत गुडघेदुखीचे प्रवासी बरेच असतात, हे खरे. अशांना सान मार्कोहून रियाल्टोपर्यंत वापोरेत्तोने, म्हणजे शहराच्या सार्वजनिक बोटीने नेता येते आणि पुढची चाल पाच-सात मिनिटांची उरते. तिसरी खर्चाची. प्रवेशाला तिकीट आहे, पण ते मोजक्या युरोंचे आहे, आणि कोरस या नावाने चालणाऱ्या योजनेत शहरातल्या अनेक ऐतिहासिक चर्चेससाठी मिळून एकच पासही मिळतो. एका दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी शहराने २०२४पासून ठरावीक दिवशी जो प्रवेश-आकार सुरू केला तो आपण शुल्कात मिळवलाच, तेव्हा या तिकिटाने सहल महाग झाली असे कोणी म्हणणार नाही.

‘लोकांना नको असते’ ही चौथी अडचण मी मानायला तयार नाही. आम्ही त्या दिवशी धक्क्यावर अकरा मिनिटे उशिरा पोहोचलो. त्याबद्दल व्यवस्थापकांनी सर्वांदेखत जे ऐकवले ते आम्ही खाली मान घालून ऐकले, कारण चूक आमची होती आणि खोळंबलेल्या मंडळींची मी आजही क्षमा मागतो. बोटीत बसल्यावर मात्र शेजारच्या सोलापूरच्या आजोबांनी मोबाइलवरचे फोटो मागितले. फोन हातोहात बोटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत यायला ट्रोन्केत्तो आले. आजोबांनी एवढेच विचारले, ‘‘हे होतं इथं, तर मग आपण तिकडं फुलदाण्यांत काय करत होतो?’’ मला उत्तर देता आले नाही; आपण देऊ शकाल.

गटांना तेथे नेताना काही पथ्ये मात्र सांगून न्यावीत. ते जिते चर्च आहे, व्हेनिसच्या रहिवाशांना तेथे लग्न लावणे फार आवडते, आणि समारंभ चालू असेल तर बाहेर थांबावे लागेल. खांदे झाकलेले असावेत, बोलणे हळू असावे, आणि भिंतीला हात लावू नये, हे बसमध्येच एकदा मराठीत नीट सांगितले तर आपली माणसे पाळतात. देवळात चपला कुठे काढायच्या हे त्यांना शिकवावे लागत नाही.

पुढच्या हंगामाची पत्रके छापायला जाण्यापूर्वी या विनंतीचा विचार व्हावा. कोणा संस्थेला आपल्या व्यवस्थापकांना दगडाच्या बाबतीतली माहिती द्यायची असेल तर मी एक संध्याकाळ विनामूल्य देईन, सोबत संगमरवराच्या चार लाद्यांचे तुकडेही आणीन, म्हणजे शीर म्हणजे काय ते हातात घेऊन पाहता येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त बांधकाम व्यावसायिक, पुणे

ता. क. : चर्च रविवारी पर्यटकांसाठी सहसा बंद असते आणि वेळा बदलत असतात, म्हणून दिवस ठरवताना चौकशी करावी. गट रविवारीच पोहोचणार असेल तरी बेत रद्द करू नये. कालव्यावरच्या त्या छोट्या पुलावरून पाण्यात उभी असलेली भिंत दिसते, तिला तिकीट लागत नाही, आणि ऊन कलल्यावर पाण्यावरचा उजेड दगडावर हलत असतो.